लांब आणि वेगवान कार्व्हिंग स्नोबोर्डशी जुळवून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अशा स्नोबोर्डरांसाठी आहेत, ज्यांना कडेवर वळण कापणे, म्हणजे कार्व्हिंग, आधीपासून जमते आणि जे आता १५८ ते १६२ सेंटीमीटरच्या चपळ बोर्डावरून १७२ ते १८० सेंटीमीटरच्या लांब बोर्डाकडे वळत आहेत. डेन्व्हर, व्हँकुव्हर किंवा झुरिक यांसारख्या बर्फाच्या डोंगरांजवळच्या शहरांत राहणाऱ्या मराठी वाचकांना असा बोर्ड भाड्याने किंवा जुन्या बाजारात सहज हाताशी लागतो. पण तो वापरायचा कसा, हे सांगणारा मजकूर मराठीत जवळजवळ नाही. पुढील हिशोबांत जुन्या बोर्डाच्या बाजूच्या वक्राची, म्हणजे साइडकटची, त्रिज्या १० मीटर आणि नव्याची १५ मीटर धरली आहे.

बोर्ड १५ सेंटीमीटरने लांब झाल्यामुळे एवढा फरक का पडतो?

फरक मुख्यतः लांबीमुळे पडत नाही, तो त्रिज्येमुळे पडतो. बोर्डाच्या कडा सरळ नसतात. त्या कंबरेपाशी आत वळलेल्या असतात आणि त्या वक्राला पूर्ण वर्तुळ केले तर त्याची जी त्रिज्या येईल ती साइडकटची त्रिज्या. बोर्ड कडेवर कलवला की तो बर्फात वाकतो आणि जितका जास्त कलवावा तितके वळण लहान होते. टणक बर्फावर साधारणपणे असे धरता येते की वळणाची त्रिज्या म्हणजे साइडकटची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोज्या (कोसाइन). म्हणून ४५ अंशांचा कल दिला, तर १० मीटरचा बोर्ड सुमारे ७ मीटर त्रिज्येचे वळण कापतो आणि १५ मीटरचा बोर्ड सुमारे साडेदहा मीटरचे.

आता वेगाचे पाहू. वळणात शरीर आत झुकवून तोल राखायचा, तर तो कल वेगाला साजेसाच असावा लागतो. सपाट जमिनीचा साधा हिशोब केला, तर ४५ अंश झुकण्यासाठी जुन्या बोर्डावर तासाला सुमारे ३० किलोमीटर वेग पुरतो, तर नव्यावर सुमारे ३७ किलोमीटर लागतो. उलट बाजूने पाहिले, तर मुद्दा अधिक लख्ख होतो : तोच ३० किलोमीटरचा वेग ठेवून नव्या बोर्डावर जेमतेम २८ अंश झुकता येते. जुन्या सवयीने ४५ अंश झुकायला गेल्यास आधार द्यायला पुरेसा वेगच नसतो आणि स्वार वळणाच्या आतल्या बाजूला आडवा होतो. पहिल्या दिवशीच्या बहुतेक पडण्यांमागे हेच कारण असते आणि पडलेला माणूस मात्र बोर्ड फार कडक आहे अशी समजूत करून घेतो.

लांबीचा परिणाम वेगळा आहे. बर्फाला टेकणारी कड लांब असल्याने पकड अधिक मिळते, बोर्ड कमी थरथरतो आणि खडबडीत जागी सरळ राहतो. हा स्थैर्याचा गुण सुखद आहे, पण त्यामुळे वेग जाणवत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

जुन्या बोर्डावर छान वळणे होत होती. नव्यावर बोर्ड नुसता सरळ का पळतो?

कारण तुम्ही त्याच्याकडून जुने वळण मागत आहात. लहान बोर्ड कडेवर टाकताच वळू लागतो; लांब बोर्ड कडेवर टाकल्यावर काही क्षण आपल्या मार्गाने जातो आणि मग वळण घट्ट होत जाते. या काही क्षणांत बहुतेकांचा धीर सुटतो. ते खांदे फिरवतात किंवा मागच्या पायाने बोर्डाचे शेपूट ढकलतात. मग कड सुटते, बोर्ड घसरतो आणि कार्व्हिंग तिथेच संपते.

यावर उपाय म्हणजे वळणाची सुरुवात आधी करणे. आडवे जात असतानाच, बोर्ड उताराच्या दिशेने वळण्यापूर्वीच, नवी कड बर्फात बसली पाहिजे. तो क्षण अवघड वाटतो, कारण तेव्हा शरीर दरीच्या बाजूला झुकवावे लागते आणि खाली आधार काहीच दिसत नाही. वजन किंचित पुढच्या पायावर आणा, म्हणजे बोर्डाचे पुढचे टोक बर्फ धरते. मग कल हळूहळू वाढवा, नजर वळण जिथे संपायचे आहे तिथे ठेवा आणि थांबा. वळणाच्या मध्यावर वजन दोन्ही पायांवर सारखे आणि शेवटी थोडे मागे, असा त्याचा प्रवास होतो. पुष्कळ कार्व्हिंग बोर्डांचे शेपूट पुढच्या टोकापेक्षा थोडे अरुंद केलेले असते, जेणेकरून वळणाच्या शेवटी ते सहज सुटावे. मात्र वजन सुरुवातीपासूनच मागे राहिले, तर बोर्ड तुम्हाला घेऊन पळतो.

मग वेग आवरायचा कसा? घसरवून ब्रेक लावायचा नसेल तर दुसरे काय उरते?

वळणाचा आकार उरतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेच आहे. कड बर्फात बसलेली असताना घर्षण फारच थोडे असते; म्हणून वेग कमी करायचा तर उतरणीवर सरळ जाण्याचा काळ कमी करावा लागतो आणि आडवे जाण्याचा काळ वाढवावा लागतो. वळण उताराला काटकोनात येईपर्यंत पूर्ण करा. वेग अजून जास्त वाटत असेल तर तसेच कडेवर राहा आणि बोर्डाला थोडे चढाकडे वळू द्या. चढावर गेलेला बोर्ड आपोआप मंदावतो. हवा तेवढा वेग उरला की मगच पुढच्या वळणाची कड बदला.

घाबरलेला माणूस नेमके उलट करतो. वेग वाढला की तो वळण अर्धवट सोडून घाईने दुसरे वळण घेतो. दोन्ही वळणे उताराच्या दिशेनेच जात असल्याने वेग आणखी वाढतो, तिसऱ्या वळणापर्यंत ताबा सुटतो. नव्या बोर्डाला प्रत्येक वळण पुरे करण्यासाठी जास्त जागा लागते, हे आधीच मान्य करा. अर्धवर्तुळाची दोन वळणे जोडली, तर ४५ अंशांच्या कलाला जुन्या बोर्डाला उताराची सुमारे १४ मीटर रुंदी पुरत होती. नव्याला २१ मीटर लागेल, आणि मधले आडवे अंतर वेगळेच. ज्या अरुंद वाटेवर ही रुंदी नाही तिथे कार्व्हिंगचा हट्ट धरू नये. तिथे बोर्ड बिनदिक्कत घसरवत उतरावे. घसरवणे हेही एक कौशल्य आहे आणि लांब बोर्डावर ते वेगळे शिकावे लागते.

पहिल्या दिवशी नेमका सराव काय करावा?

रात्री यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद आणि सौम्य उतार निवडा, आणि लिफ्ट सुरू होताच पोहोचा. अवघडपणा दाखवणाऱ्या खुणांपैकी उत्तर अमेरिकेत हिरव्या आणि निळ्या खुणांमधला, युरोपात निळ्या खुणेचा उतार योग्य ठरतो. सकाळी बर्फावर यंत्राने पाडलेल्या बारीक समांतर रेघा शाबूत असतात, पकड सर्वत्र सारखी असते आणि माणसेही कमी असतात. दुपारी त्याच उतारावर भुसभुशीत ढीग आणि मधूनच काचेसारखे टणक पट्टे तयार होतात; ती नव्या बोर्डाशी ओळख करून घेण्याची वेळ नव्हे.

सुरुवातीला वळणे जोडूच नका. उताराच्या एका बाजूला उभे राहा, वर पाहून कोणी येत नाही याची खात्री करा, थोडे सरळ खाली जा, बोर्ड एका कडेवर कलवा आणि तो स्वतः वळत वळत चढाकडे जाऊन थांबेपर्यंत काहीही करू नका. पाय ढकलणे नाही, खांदे फिरवणे नाही. मग मागे वळून आपली खूण पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक खोल रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली, तर वळण कापले गेले. रेघेची सुरुवात पंख्यासारखी पसरट असेल, तर तुम्ही सुरुवातीला बोर्ड ढकललात. शेवट पसरट असेल, तर वेगाला घाबरून कड सोडलीत. बर्फावरची ही खूण कोणत्याही व्हिडिओपेक्षा खरे सांगते, आणि लिफ्टमधून वर जाताना तीच खूण पुन्हा निरखता येते.

दोन्ही कडांवर हे खात्रीने जमू लागले की उताराचा थोडा जास्त भाग सरळ जाऊन तेच करा आणि त्यानंतरच वळणे जोडा. लांब बोर्डावर कड बदलताना पाय ताणून उंच उठण्याऐवजी गुडघे मुडपून बोर्ड शरीराखालून पलीकडे जाऊ दिला, तर बर्फाशी संपर्क तुटत नाही. पण हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे काम आहे.

बोटांकडच्या कडेवर सारे ठीक चालते, पण टाचेकडच्या वळणात बोर्ड खडखडतो आणि सुटतो. असे का होते?

ही तक्रार इतकी सर्वसामान्य आहे की तिचे उत्तर सविस्तर देतो. अशा वळणाची खूण जवळून पाहिली, तर एकसंध रेघेऐवजी कंगव्याच्या दातांसारखे आडवे लहान ओरखडे ओळीने दिसतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे कड एकदा सुटून पुन्हा पकडल्याची जागा. लहान बोर्डावरही हे होते, परंतु तिथे वेग आणि भार कमी असल्याने ते झाकले जाते.

सर्वात मोठे कारण म्हणजे टाचेच्या वळणात स्वार खुर्चीवर बसल्यासारखा बसतो : नितंब बोर्डाच्या बरेच बाहेर, पाय जवळजवळ ताठ, छाती पुढे वाकलेली. ताठ पाय बर्फाचे धक्के शोषू शकत नाहीत, आणि वजन कडेवर न येता कडेच्या आतल्या बाजूला लोंबकळते. दोन्ही गुडघे आणि घोटे मुडपा, कंबर पुढच्या बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीच्या, दिशेने आणा, छाती उचला आणि नजर व खांदे वळणाच्या पुढे न्या. मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याच्या दिशेने किंचित दाबल्याने अनेकांचा तोल लगेच सुधारतो.

दुसरे कारण म्हणजे सगळा दाब वळणाच्या शेवटी येणे. सुरुवातीला कड नीट न बसल्यास बोर्ड उतरणीवर वेग घेतो आणि मग शेवटच्या थोड्या अंतरात सगळे वळण उरकावे लागते. तिथे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा भार एकाच दिशेने ओढत असतात, आणि कड हार मानते. म्हणून खडखड शेवटी ऐकू आली तरी तिचा इलाज सुरुवातीला करावा लागतो. हे सारे करूनही खडखड थांबली नाही, तर मग कडांची धार आणि बाइंडिंगचा कल तपासावा. मी मुद्दामच हा क्रम सांगतो आहे, कारण पुष्कळजण आधी सामान बदलतात.

बाइंडिंगचे कोन बदलावे लागतील का?

बहुधा लागतील. कार्व्हिंगचे लांब बोर्ड कंबरेत १८ ते २१ सेंटीमीटर इतके अरुंद असू शकतात. त्यावर बूट बोर्डाच्या कडेबाहेर येऊ नये म्हणून हार्डबूट, म्हणजे कडक कवचाचे बूट, वापरणारे बाइंडिंग बोर्डाच्या आडव्या रेषेपासून साधारण ५५ ते ६५ अंशांवर लावतात. बूट बाहेर राहिला तर खोल कलात तो बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि बोर्ड पूर्वसूचना न देता सुटतो. घरीच तपासणी करा : बूट बांधून बोर्ड जाजमावर ठेवा, एखाद्याला आधाराला घ्या आणि बोर्ड कडेवर कलवत न्या. बूट जाजमाला टेकेल तो तुमच्या कलाचा शेवट. प्रत्यक्ष बर्फात कड आत रुतत असल्याने तो शेवट त्याहूनही लवकर येतो.

पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली लहान पाचर लावून पाय किंचित एकमेकांकडे झुकवण्याची पद्धत रूढ आहे. तिने गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जुन्या जागेची पेनाने खूण करून ठेवा.

सॉफ्टबूट, म्हणजे नेहमीचे मऊ बूट, घालून असा बोर्ड चालवता येईल का?

रुंद कंबरेचा असेल तर येईल. अलीकडे सुमारे २५ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद कंबरेचे, सॉफ्टबूटसाठीच बनवलेले कार्व्हिंग बोर्ड मिळतात आणि जपानमध्ये या शैलीचा मोठा चाहतावर्ग आहे. मात्र अरुंद, कडक बोर्डावर सॉफ्टबूट लावू नयेत. पायाचा जोर कडेपर्यंत पोहोचत नाही.

कडांना धार किती असावी?

नखाचा पृष्ठभाग कडेवर हलकेच आडवा ओढला की नखाची बारीक भुकटी निघाली पाहिजे. बाजूचा कोन ८८ किंवा ८९ अंश आणि तळाकडचा उतार अर्धा ते एक अंश ही मांडणी बहुतेकांना पुरते. तळाकडचा उतार शून्याच्या जवळ असेल, तर बोर्ड सपाट सरकवतानाही कड अचानक पकडते, आणि सवय नसलेल्याला ते धोक्याचे असते. टणक बर्फावर दिवसभर चालवल्यानंतर कडांवरून संध्याकाळी हिऱ्याची कानस फिरवावी. लांब बोर्डावर बोथट कड जास्त महागात पडते, कारण सुटते तेव्हा वेगही जास्त असतो.

माझे वजन ६० किलो आहे. लांब बोर्ड मला झेपेल का?

लांबीपेक्षा कडकपणा पाहा. बोर्ड वाकवतो तो स्वाराचा भार. ९० किलोच्या स्वारासाठी बनवलेला बोर्ड हलक्या स्वाराखाली पुरेसा वाकत नाही आणि सरळ पळतो. ४५ अंश कलाच्या वळणात शरीरावर वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो, ६० अंशांना दुप्पट. हा भारच बोर्डाला आकार देतो, पण तिथवर पोहोचायला वेग लागतो. नवशिक्याने आपल्या वजनाच्या शिफारशीतला कमी कडक बोर्ड घ्यावा.

स्पर्धेसाठी बनवलेला जुना जायंट स्लॅलम बोर्ड स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

साधारणपणे नाही. स्नोबोर्डचा जायंट स्लॅलम, म्हणजे फाटकांना (रोवलेल्या खांबांना) वळसे घालत उतरण्याची शर्यत, १९९८ साली नागानो येथे ऑलिंपिकमध्ये आला आणि २००२ पासून तो दोन स्पर्धकांनी शेजारी उतरण्याच्या समांतर स्वरूपात होतो. त्यात लागोपाठच्या दोन फाटकांमधले अंतर साधारण २० ते २७ मीटर असते, उतार पाणी मारून टणक केलेला असतो, आणि स्पर्धक संपूर्ण वळण पुरे करत नाहीत, त्यांना वेग हवाच असतो. अशा कामाचा बोर्ड १८० सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि त्याची त्रिज्या अनेकदा १८ मीटरहून मोठी असते. रविवारी गर्दीच्या उतारावर त्याला जागा कुठून मिळणार? २०१८ साली प्याँगचांगला एस्टर लेडेत्स्का हिने स्कीवरील सुपर-जी ही वेगवान शर्यत आणि स्नोबोर्डवरील समांतर जायंट स्लॅलम ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, ती धाव पाहून असा बोर्ड घ्यावासा वाटणे मी समजू शकतो. पण तिच्या बोर्डाखाली मोकळा केलेला, राखलेला उतार होता.

तरीही घ्यायचाच असेल, तर बोर्ड सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहा. टायटनाल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर असलेले बोर्ड फार शांत चालतात, पण जोरात दुमडले गेल्यास कायमचे वाकडे होऊ शकतात. पुढच्या बाइंडिंगच्या पुढे लहानशीही घडी दिसली, तर तो बोर्ड सोडून द्या.

उतारावर इतर लोक असताना कोणती काळजी घ्यावी?

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांनुसार पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क आधी, आणि वरून येणाऱ्याने त्याला धक्का लागणार नाही असा मार्ग निवडायचा. हा नियम तुमच्या बाजूने असला तरी त्यावर विसंबू नका. लांब बोर्डाचा स्वार उताराची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो आणि वळणाच्या शेवटी चढाकडेही जातो. मागून येणाऱ्या स्कीअरला हे अपेक्षित नसते. टाचेकडच्या आणि बोटांकडच्या वळणांत पाठीमागचा जो भाग दिसत नाही, नेमका तिथूनच तो येतो. म्हणून प्रत्येक मोठे वळण सुरू करण्यापूर्वी खांद्यावरून वर नजर टाकण्याची सवय लावा, चढाकडे वळण्यापूर्वी तर नक्कीच. त्या आचारनियमांतही हेच सांगितले आहे. उतार रिकामा होईपर्यंत कडेला थांबणे केव्हाही चांगले.

तासाला ३७ किलोमीटर वेगाने एका सेकंदात १० मीटर अंतर कापले जाते, आणि कडेवर पूर्ण कललेला बोर्ड एका सेकंदात उलट बाजूला वळवता येत नाही. झाडे, खांब आणि जाळी यांच्यापासून अंतर त्या हिशोबाने ठेवा. हेल्मेट हवेच, पाठीचे संरक्षक कवचही मी आग्रहाने सुचवेन.

सुट्टीत गुलमर्गला जात आहे. हा बोर्ड बरोबर न्यावा का?

गुलमर्गची ख्याती भुसभुशीत, खोल, ताज्या बर्फासाठी आहे. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराच्या बाजूला वर गेल्यावर दाबून सपाट केलेले रुंद उतार नसतात; तिथे अरुंद आणि कडक कार्व्हिंग बोर्डाचे टोक बर्फात बुडते आणि दिवस वाया जातो. तिथे रुंद बोर्ड भाड्याने घ्यावा आणि वाटाड्या बरोबर असावा, कारण हिमस्खलनाचा धोका खरा आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झालेले उत्तराखंडमधले औली कार्व्हिंगला अधिक जवळचे, पण तिथेही त्या आठवड्यात किती बर्फ आहे आणि उतार तयार केला आहे का, याची चौकशी केल्याशिवाय १८० सेंटीमीटरची पिशवी पुण्या-मुंबईहून वाहून नेऊ नये.

जुना बोर्ड विकून टाकावा का?

पहिल्या हंगामात तरी विकू नये. गर्दीच्या दिवशी, अरुंद उतारावर किंवा दुपारच्या विस्कटलेल्या बर्फावर तोच उपयोगी पडेल. शिवाय लांब बोर्डावर काही दिवस काढून जुन्यावर परत आल्यास त्यावरची वळणेही पूर्वीपेक्षा नीट सुरू होतात, कारण बोर्डाला वळायला वेळ देण्याची सवय लागलेली असते. ज्या दिवशी उतार रुंद, रिकामा आणि टणक असेल, त्या दिवशी लांब बोर्ड काढा.